ब्रिटिश कोस्टगार्डमधील पूर्वजाची नोकरी आणि कुटुंब यांचा माग कसा काढावा?

गाथाशोध

नमस्कार. माझ्या सासूबाई मूळच्या इंग्लंडच्या असून त्यांचे वय आता ८१ आहे. आपले खापरपणजोबा कोण होते आणि कुठे कुठे राहिले, हे समजून घेण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. ते ब्रिटिश कोस्टगार्डमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या तटरक्षक दलात, नोकरीला होते. गेले वर्षभर मी जमेल तसा शोध घेत आहे, परंतु आता एका जागी अडकले आहे. इंग्लंड आणि आयर्लंडमधील जुन्या कागदपत्रांचा अनुभव असलेले काही सभासद येथे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

खात्रीची नोंद म्हणावी अशी एकच आहे, ती १८७१ च्या जनगणनेची. त्या वेळी हे कुटुंब यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रॉबिन हूड्स बे या गावी राहत होते. खापरपणजोबांचे वय ४८, जन्म डेव्हनमधला, व्यवसाय ‘कोस्टगार्ड, कमिशन्ड बोटमन’. पत्नीचा जन्म आयर्लंडमधला. चार मुलांपैकी १७ आणि १३ वर्षांच्या दोघांच्या जन्मस्थानापुढे फक्त ‘आयर्लंड’ असे लिहिले आहे, १० वर्षांच्या मुलीचा जन्म डॉर्सेटमधील लल्वर्थचा आणि ६ वर्षांच्या धाकट्याचा रॉबिन हूड्स बे येथलाच आहे. १८८१ मध्ये तेच गृहस्थ ‘कोस्टगार्ड पेन्शनर’ म्हणून सापडतात. १८६१ आणि १८५१ च्या जनगणनेत मात्र ते मला कुठेही मिळालेले नाहीत.

नात्यातील एकांनी पूर्वी टंकलिखित करून ठेवलेला एक कागदही आमच्याकडे आहे. त्यात याच नावाच्या एका नाविकाने कोणकोणत्या जहाजांवर नोकरी केली याची यादी असून १८६० नंतरच्या काही वर्षांसमोर ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेचे नाव आहे. ज्या काळात आमचे खापरपणजोबा बायकामुलांसह यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर राहत होते, त्याच काळात ते युद्धनौकेवर कसे असतील? त्यामुळे ही यादी दुसऱ्याच कोणा समान नावाच्या माणसाची असावी, असे मानून मी ती बाजूला ठेवली आहे. आडनाव बरेच सामान्य असल्यामुळे असा घोळ सहज होऊ शकतो.

घरात तीन गोष्टी परंपरेने सांगितल्या जातात. खापरपणजी आयर्लंडमधल्या कॉर्कच्या होत्या, खापरपणजोबा तरुणपणी ‘रशियाच्या लढाईला’ गेले होते, आणि चोरट्या मालाकडे काणाडोळा केल्यामुळे पुढे त्यांना नोकरीवरून काढून टाकले. सासूबाईंकडे एक रुपेरी पदक आहे, त्याच्या एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला हाती त्रिशूळ घेऊन बसलेली स्त्री कोरलेली आहे. फीत पिवळी, कडा फिकट निळ्या. पदकावर नाव मात्र कुणाचेच नाही.

त्यांच्या नोकरीच्या नोंदी कुठे मिळतील, आयर्लंडमधील विवाह आणि थोरल्या दोन मुलांचे जन्म कसे शोधावेत, आणि काढून टाकल्याची गोष्ट खरी की खोटी हे कशावरून ठरवावे, एवढे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे सासूबाईंच्या मनावर ओझे आहे, म्हणून तोही मुद्दाम विचारते.

दप्तरवेडा

ताई, तुम्ही प्रश्न इतका नेटका मांडला आहे की उत्तर देणे सोपे झाले. आधी एक गोष्ट सांगतो: तुम्ही बाजूला ठेवलेला तो टंकलिखित कागद पुन्हा हातात घ्या, तो बहुधा तुमच्याच खापरपणजोबांचा आहे.

याचे कारण समजण्यासाठी या दलाचा थोडा इतिहास पाहावा लागतो. चोरटा व्यापार रोखणे हे याचे मूळ काम. घोड्यावरून किनाऱ्याची गस्त घालणारे रायडिंग ऑफिसर, समुद्रात फिरणारी महसुली गलबते, आणि १८०९ मध्ये सुरू झालेले, होड्यांतून पहारा देणारे प्रिव्हेन्टिव्ह वॉटर गार्ड, या तिन्ही शाखा १८२२ मध्ये एकत्र करून कोस्टगार्डची स्थापना झाली. केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर नौदलाची कोस्ट ब्लॉकेड नावाची वेगळी व्यवस्था होती, तीही १८३१ मध्ये यातच विलीन झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे हे दल जकात खात्याच्या अखत्यारीत होते. १८५६ च्या कायद्याने ते ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदलाच्या, ताब्यात गेले आणि १९२३ पर्यंत तेथेच राहिले.

तुमचा गोंधळ १८५६ च्या या बदलातून निर्माण झाला आहे. नौदलाने किनाऱ्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक युद्धनौका नेमली आणि त्या विभागातील चौक्यांवरील माणसे त्या जहाजाच्या पटावर दाखवली. माणूस प्रत्यक्षात गावातल्या चौकीत बायकामुलांसह राहत असे, रात्री कड्यावरून गस्त घालत असे, आणि कागदावर मात्र तो एखाद्या मोठ्या जहाजावर असे. ‘कॉर्नवॉलिस’ हे १८६० च्या सुमारास हम्बर नदीच्या मुखाशी ठेवलेले कोस्टगार्डचे जहाज होते. हम्बर आणि यॉर्कशायरचा किनारा यांचा मेळ सहज बसतो. आयर्लंडमध्ये किंग्सटाउन, म्हणजे आजचे डन लेरी, येथे ‘एजॅक्स’ होते, पूर्व इंग्लंडमध्ये हारिच येथे ‘पेम्ब्रोक’ होते. अशा जहाजांची नावे पाहून ‘आमचे पूर्वज वर्षानुवर्षे समुद्रावर होते’ असे कित्येक वंशावळींत लिहिलेले मी पाहिले आहे, आणि ते प्रत्यक्षात आपल्या परसातल्या बटाट्यांना माती लावत होते, हे नंतर लक्षात येते.

आता नोकरीच्या नोंदींविषयी. लंडनजवळ क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तेथील ‘एडीएम १७५’ ही मालिका तुमच्या कामाची (एडीएम म्हणजे ॲडमिरल्टीचे कागद). तिच्यात मुख्यतः दोन प्रकारच्या वह्या आहेत. पहिल्या नेमणुकीच्या, म्हणजे नॉमिनेशनच्या नोंदवह्या: त्या १८१९ पासून १८६६ पर्यंतच्या असून माणूस दलात केव्हा आणि कोठून आला हे त्यांत कळते. दुसऱ्या आस्थापना वह्या, त्यांची सुरुवात १८१६ पासून होते. या वह्या चौक्यांच्या क्रमाने लावलेल्या आहेत, माणसांच्या नावांनी लावलेल्या नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी निराश व्हाल. एका चौकीच्या पानावर तेथील चीफ ऑफिसर, चीफ बोटमन, कमिशन्ड बोटमन, बोटमन अशी उतरंड असते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणत्या तारखेला, कुठल्या चौकीवरून आला आणि पुढे कुठे गेला हे लिहिलेले असते.

या ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन रकान्यांवर सगळा शोध उभा आहे. तुम्हाला एक चौकी निश्चित माहीत आहे, लल्वर्थ. मुलगी १८७१ मध्ये १० वर्षांची होती, म्हणजे १८६० किंवा १८६१ च्या सुरुवातीला कुटुंब तेथे होते. लल्वर्थचे पान उघडा, नाव शोधा, ‘कुठून’ या रकान्यात आयर्लंडमधील ज्या चौकीचे नाव असेल तिचे पान उघडा, आणि असेच मागे मागे जा. गावकऱ्यांशी लागेबांधे जुळू नयेत म्हणून या लोकांच्या बदल्या सतत होत, त्यामुळे एका माणसाच्या आयुष्यात चार-पाच चौक्या सहज निघतात. प्रत्येक चौकीची तारीख एखाद्या अपत्याच्या जन्माशी जुळते का ते ताडून पाहत जा. समान नावाच्या दोन माणसांना वेगळे करण्याचा याहून भक्कम मार्ग मला माहीत नाही, कारण नाव जुळू शकते, दर्जा जुळू शकतो, पण चार मुलांची जन्मस्थाने त्याच क्रमाने जुळणे योगायोगाने घडत नाही.

नौदलातील आधीच्या नोकरीसाठी दुसऱ्या दोन मालिका आहेत. ‘एडीएम १३९’ मध्ये १८५३ ते १८७२ या काळात सलग सेवेचा करार केलेल्या खलाशांचे अर्ज आहेत आणि त्यांत जन्मतारीख, जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरील गोंदण अशी माहिती मिळते. सासूबाईंना आपल्या पूर्वजाच्या डोळ्यांचा रंग कळणे ही काय चीज असेल, याची कल्पना करा. ‘एडीएम २९’ मध्ये पेन्शनसाठी तयार केलेली सेवेची प्रमाणपत्रे आहेत. तुमच्याकडील टंकलिखित यादी बहुधा त्यावरूनच उतरवलेली असावी. या दोन्ही मालिका अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात.

१८६१ च्या जनगणनेविषयी एक सूचना. नावाने शोधू नका. आडनाव वाचताना सूची करणाऱ्यांच्या हातून चुका झालेल्या असतात. लल्वर्थ गावाची मूळ पाने एकेक करून चाळा. तटरक्षकांची घरे सरकारी आणि ओळीने बांधलेली असल्यामुळे जनगणनेतही ती सलग येतात. व्यवसाय ‘कोस्टगार्ड’ आणि जन्मस्थाने चहूकडची अशी पाच-सहा कुटुंबे एकापाठोपाठ दिसली की समजावे, चौकी आली. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी सर्वेक्षणाच्या, मैलाला सहा इंच प्रमाणाच्या जुन्या नकाशांवर या चौक्या नावानिशी दाखवलेल्या असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे विनामूल्य पाहता येतात.

काढून टाकल्याच्या गोष्टीविषयी: १८८१ मध्ये ते स्वतःला कोस्टगार्ड पेन्शनर म्हणवतात आणि १८७१ मध्ये कमिशन्ड बोटमन आहेत, म्हणजे साध्या बोटमनच्या वरच्या दर्जावर बढती मिळालेले. चोरट्या मालाच्या प्रकरणात बडतर्फ झालेल्या माणसाचे हे चित्र दिसत नाही. १८५८ ते १८६८ या काळातील सेवामुक्तीच्या नोंदीही ‘एडीएम १७५’ मध्येच आहेत. मनाच्या समाधानासाठी त्या पाहाव्यात, पण सासूबाईंना धीर द्यायला माझ्या मते आत्ताच हरकत नाही.

पदकसंग्राहक

पदकापुरते लिहितो, कारण तेवढेच मला कळते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे बाल्टिक पदक आहे. हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री म्हणजे ब्रिटानिया. तिच्या मागे नीट पाहिलेत तर बोमारसुंड आणि स्विआबॉर्ग या बाल्टिक किनाऱ्यावरच्या दोन रशियन किल्ल्यांची चित्रे दिसतील. पदक मोठ्या प्रमाणावर दिले गेले आणि ते नाव न कोरताच दिले जात असे, त्यामुळे त्यावर नाव नसणे हा दोष मानू नका.

घरातील ‘रशियाची लढाई’ म्हणजे हीच मोहीम. आपण क्रिमियन युद्ध म्हणताना काळा समुद्र तेवढा डोळ्यांपुढे आणतो, पण त्याच युद्धात रशियाविरुद्ध एक मोठा आरमारी ताफा बाल्टिक समुद्रातही पाठवला गेला होता. सर चार्ल्स नेपियर यांच्या नेतृत्वाखाली तो मार्च १८५४ मध्ये निघाला. जहाजांवर अनुभवी खलाशी कमी पडत होते म्हणून तटरक्षक दलातील पुष्कळ माणसांना चौक्यांवरून उचलून जहाजांवर पाठवण्यात आले. ऑगस्ट १८५४ मध्ये बोमारसुंड पडले आणि ऑगस्ट १८५५ मध्ये स्विआबॉर्गवर तोफांचा भडिमार झाला.

तुमच्या मुलांच्या वयांकडे पुन्हा पाहा. थोरला १७ वर्षांचा, दुसरा १३ वर्षांचा. म्हणजे पहिला १८५३ किंवा १८५४ च्या सुरुवातीचा आणि दुसरा १८५७ किंवा १८५८ च्या सुरुवातीचा. मधल्या चार वर्षांच्या अंतरात बाल्टिकच्या दोन्ही मोहिमा बसतात. एखादे मूल दगावले असण्याचीही शक्यता असते, त्यामुळे हा पुरावा म्हणता येणार नाही, पण दिशा बरोबर आहे. पदकांच्या याद्या ‘एडीएम १७१’ मध्ये आहेत. त्या पाहण्याआधी तुमच्या टंकलिखित कागदावर १८५४ आणि १८५५ समोर कोणत्या जहाजाचे नाव आहे ते बघा. जहाज हाती असले की यादीत माणूस गाठणे सोपे जाते.

पानगळ

आयर्लंडच्या बाजूचे मी सांगते, कारण माझी बरीच वर्षे त्याच कागदांत गेली आहेत.

प्रथम वाईट बातमी. १८५१ च्या जनगणनेत ते आयर्लंडमध्ये असतील, तर तुम्हाला ते कधीच सापडणार नाहीत. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी अभिलेखागार यादवी युद्धात जळाले आणि १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची थोडी पाने सोडता बाकी सर्व नष्ट झाले. १८६१ आणि १८७१ ची कागदपत्रे त्यापूर्वीच सरकारी हुकमाने नष्ट केलेली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून टाकली. १९२२ च्या आधीच्या संपूर्ण अशा जनगणना फक्त १९०१ आणि १९११ च्याच शिल्लक आहेत. त्याच आगीत चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तेथील प्रोटेस्टंट चर्चच्या, कितीतरी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या, वह्याही गेल्या. ज्या वह्या गावातच राहिल्या होत्या त्या वाचल्या. त्यांची यादी डब्लिनच्या आरसीबी या त्याच चर्चच्या ग्रंथालयाने केलेली आहे.

तुमच्या थोरल्या दोन मुलांचे सरकारी जन्मदाखले मिळणार नाहीत, कारण आयर्लंडमध्ये सर्व धर्मीयांच्या जन्म-मृत्यूची नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. त्यांच्यासाठी चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद हाच आधार. त्यासाठी पॅरिश माहीत हवी, आणि पॅरिश कळण्यासाठी चौकी माहीत हवी. म्हणून दप्तरवेडा यांनी सांगितलेले आस्थापना वह्यांचे काम आधी करा.

विवाहाच्या बाबतीत मात्र आशा आहे. कॅथलिक नसलेल्या विवाहांची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये १ एप्रिल १८४५ पासूनच होत होती. या नोंदींची छायाचित्रे आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तुमच्या खापरपणजी कॉर्कच्या होत्या, म्हणजे कॅथलिक असण्याची शक्यता बरीच आहे. डेव्हनमधला प्रोटेस्टंट नवरा आणि कॅथलिक मुलगी यांचा विवाह एकट्या कॅथलिक धर्मगुरूने लावला, तर तो १८७० पर्यंत कायद्याने ग्राह्य नव्हता. त्यामुळे अशी जोडपी बहुधा प्रोटेस्टंट चर्चमध्ये किंवा निबंधकासमोर लग्न करीत, म्हणून सरकारी नोंदीपासूनच सुरुवात करा. तेथे काही मिळाले नाही, तर आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशच्या वह्या महाजालावर ठेवल्या आहेत, त्या पाहता येतील.

त्याआधी खापरपणजींचे माहेरचे आडनाव शोधून काढा, आणि ते इंग्लंडमध्येच मिळेल. धाकट्या दोघांचे जन्म इंग्लंडमधले आहेत आणि इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरील जन्मसूचीत १८३७ पासून आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. फक्त गावाच्या नावाखाली पाहू नका: लल्वर्थ हे वेअरहॅम या नोंदणी जिल्ह्यात येते आणि रॉबिन हूड्स बे हे व्हिटबीमध्ये. रॉबिन हूड्स बे ज्या पॅरिशमध्ये आहे तिचे नाव फायलिंगडेल्स आहे, हेही बाप्तिस्मा शोधताना लागेल.

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन नावाची जमीन-घरांच्या मूल्यांकनाची एक मोठी मालिका १८४७ ते १८६४ या काळातली आहे आणि आयर्लंडमधील पूर्वज शोधणारा प्रत्येक जण तिच्याकडे धावतो. चौकीतील घरे सरकारी असल्यामुळे बोटमनची नावे तेथे सहसा येत नाहीत. त्यात फार वेळ घालवू नका.

एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. तुमचे खापरपणजोबा आयर्लंडमध्ये गेले तो काळ बटाट्याच्या दुष्काळाच्या लगेच नंतरचा आहे. १८४६ मध्ये आयर्लंडमधील कोस्टगार्डचे प्रमुख सर जेम्स डोम्ब्रेन यांनी भुकेल्या लोकांना मोफत धान्य वाटण्याचा आदेश दिला आणि त्याबद्दल त्यांना वरून बोलणी खावी लागली. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या चौक्यांतील माणसांनी त्या वर्षांत जे पाहिले असेल, त्याची सावली पुढच्या कित्येक वर्षांवर राहिली असणार. तटरक्षक म्हणजे परका सरकारी माणूस, हे खरेच, तरी गावात अन्न पोहोचवणारा माणूसही अनेकदा तोच होता.

गाथाशोध

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काही आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे हाती लागल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

लल्वर्थची जनगणनेची पाने चाळली आणि कुटुंब तिसऱ्या पानावर सापडले. आडनावातील पहिले अक्षरच चुकीचे वाचले गेले होते. माहेरचे आडनावही वेअरहॅम आणि व्हिटबी या दोन्ही जिल्ह्यांच्या सूचीत एकसारखे मिळाले.

त्यानंतर आम्ही उभयता क्यू येथे जाऊन आस्थापना वह्या पाहिल्या. लल्वर्थच्या पानावर ‘कुठून’ या रकान्यात वॉटरफर्ड परगण्यातील आर्डमोर होते, आणि आर्डमोरच्या पानावर कॉर्क परगण्यातील बॅलिकॉटन. बॅलिकॉटनमध्ये ते १८५० पासून होते आणि तेथेच १८५४ च्या वसंत ऋतूत त्यांच्या नावापुढे नौदलात पाठवल्याचा शेरा आहे. आमच्या टंकलिखित कागदावर नेमके त्याच सुमारास बाल्टिक ताफ्यातील एका जहाजाचे नाव आहे, त्यामुळे तो कागद आमचाच होता याबद्दल आता शंका उरली नाही. पदकाच्या मागे ते दोन किल्लेही भिंगातून दिसले. सासूबाईंनी ते पदक आजवर शोकेसच्या खालच्या खणात ठेवले होते, ते आता वर आले आहे.

सेवामुक्तीच्या वहीत त्यांचे नाव नाही. काढून टाकल्याची गोष्ट कुठून आली असावी याचा एक धागा मात्र मिळाला: आर्डमोरच्या पानावर याच आडनावाच्या, पण वेगळ्या पहिल्या नावाच्या, दुसऱ्या एका बोटमनपुढे बडतर्फीचा शेरा आहे. तो नात्यातला होता की नाही हे कळायला मार्ग नाही. सासूबाईंना मी ते पान दाखवले, त्यांनी बराच वेळ त्यावर बोट ठेवले आणि मग ‘बिचारा’ एवढेच म्हणाल्या.

पानगळताई, विवाहही सापडला. १८५२, मिडलटन जिल्हा, चर्च ऑफ आयर्लंड. आमच्या खापरपणजी कॅथलिक नव्हत्या असे दिसते. कारण नोंदीत वधूच्या वडिलांचा व्यवसाय दिलेला आहे आणि तो आहे ‘कोस्टगार्ड’. म्हणजे त्यांचा जन्म कॉर्कमधला असला, तरी तो वडिलांच्या बदलीमुळे झालेला असू शकतो. आता या दुसऱ्या गृहस्थांचा शोध कुठून सुरू करावा?

पानगळ

माझा कॅथलिक असण्याचा अंदाज चुकला आणि चुकला याचा आनंद आहे. तटरक्षकांच्या मुली तटरक्षकांनाच दिल्याचे मी कितीतरी चौक्यांत पाहिले आहे. गावाबाहेर ओळीने बांधलेली घरे, वेगळा धर्म, वेगळी बोली, मग लग्ने त्याच ओळीत जमत, आणि तरीही तुमचा प्रश्न वाचताना ते माझ्या मनात आले नाही.

खापरपणजींचे वय १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांतून काढा. त्या १८३० च्या आसपास जन्मल्या असतील, तर वडील त्याआधीच आयर्लंडमध्ये नोकरीला असणार. विवाहनोंदीत साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यांची नावे बॅलिकॉटनच्या पानावरील नावांशी ताडून पाहा. शेजारच्या घरातला बोटमन किंवा वधूचा भाऊ तेथे हमखास भेटतो.

दप्तरवेडा

अभिनंदन ताई. वधूचे वडील १८५२ मध्ये बॅलिकॉटन येथेच होते का, हे आधी पाहा. असतील, तर सासरा आणि जावई एकाच पानावर दोन ओळींच्या अंतराने मिळतील. नसतील, तर शेजारच्या चौक्यांची पाने घ्या, यॉलपासून सुरुवात करा.

ते नाव मिळाले की आयर्लंडच्या नेमणुकीच्या नोंदवहीकडे वळा. १८२० च्या दशकात ते दलात आले असतील, तर कोठून आले हे तेथे कळेल. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपल्यावर नौदलातून मोकळे झालेले पुष्कळ खलाशी या नोकरीत शिरले. म्हणून ‘एडीएम २९’ मध्ये त्यांच्याही नावाचा शोध घ्या. आणखी एक जागा सांगून ठेवतो: ग्रिनिच येथे नाविकांच्या मुलांसाठी शाळा होती, तिच्या प्रवेशाचे १८७० पर्यंतचे कागद ‘एडीएम ७३’ मध्ये आहेत. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि वडिलांच्या नोकरीचा तपशील अर्जासोबत जोडलेला असे. तुमच्या खापरपणजींना भाऊ असेल आणि त्याच्यासाठी असा अर्ज केला गेला असेल, तर आयर्लंडच्या आगीत जळालेल्या वहीतला दाखला तुम्हाला लंडनमध्ये मिळू शकतो.

इंग्लंडमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहताना व्यवसायाच्या रकान्यात ‘कोस्टगार्ड’ हाच शब्द शोधू नका. तेथे १८१३ पासून वडिलांचा व्यवसाय लिहिण्याची पद्धत आहे, पण त्या पिढीतील पाद्री ‘प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिस’, ‘प्रिव्हेन्टिव्ह बोटमन’ किंवा नुसते ‘बोटमन’ असे लिहीत. नाव मिळाले की येथे अवश्य कळवा, १८३० च्या आधीच्या आयरिश चौक्यांची काही पाने मी उतरवून ठेवली आहेत, त्यांत पाहून सांगतो.